मागचा शहाणा

बंदर कार्यालयाने कागदावरचे नकाशे घेणं बंद केलं
त्या मार्चमध्ये मामा एकसष्ट वर्षांचा होता.
एलेउतेरिओ कार्कामो, चिलोए बेटावरचा होड्यांचा सुतार,
ज्याने आजवर एकही होडी
आधी काढून मग बांधली नव्हती.
सायप्रसच्या फळीवरून अंगठा फिरवायचा,
एक डोळा मिटायचा,
आणि म्हणायचा, इथे जरा पोट सोड.

मी पुएर्तो मोंतहून लॅपटॉप घेऊन आले.
त्यात होड्या काढायचं सॉफ्टवेअर
आणि अठ्ठावीस भागांची व्हिडिओमाला:
गुळगुळीत आवाजाचा एक माणूस,
दर दोन वाक्यांनी "आता फक्त इथे क्लिक करा" म्हणणारा.
कॉलेजात मी त्याला दीडपट वेगाने ऐकून शिकले होते.

मामाने तिसऱ्या मिनिटाला त्याचं तोंड बंद केलं.
"ह्याच्या बोटात कधी कुसळ गेलं नसेल," म्हणाला.
आणि एकेक बटण दाबायला घेतलं,
बाजारात कलिंगडं वाजवून बघावीत तसं.

पहिल्या रात्री होडी उलटी झाली.
दुसऱ्या रात्री तिला बावन्न पिल्लं झाली,
सगळी एकाच जागी, एकमेकांच्या आत,
आणि लॅपटॉप धापा टाकायला लागला.
चौथ्या रात्री ती दिसेनाशीच झाली.
मामा चुलीपाशी बसून राहिला,
घरातलं कुणी समुद्रावर जाऊन परतलं नाही, तसा.

मला ठाऊक होतं, ती फक्त लपली आहे.
डोळ्याच्या चिन्हावर एक टिचकी, बस्स.
मी सांगितलं नाही.
ते शहाणपण होतं की दुष्टावा
मला अजून ठरवता आलेलं नाही.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात.
पण व्हिडिओतला माणूस ठेचकाळतच नाही.
त्याच्या ठेचा आधीच कापून टाकलेल्या असतात,
चुका, शिव्या, निवलेला चहा,
सगळं कात्रीखाली गेलेलं.
मागच्याने शहाणं व्हायचं तरी कशाच्या जोरावर?

हे आज सुचतं. तेव्हा मी वैतागले होते.
तीन आठवडे!
तीन आठवडे तो एकेक बिंदू ओढून
डावी बाजू उजवीसारखी करत होता,
आणि आरशाची आज्ञा
सातव्या भागात, चौथ्या मिनिटाला होती.
शेवटी न राहवून दाखवली. एक क्लिक.
होडीची डावी बाजू
शांत खाडीत प्रतिबिंब पडावं तशी उमटली.

मामा बराच वेळ बोलला नाही.
मग स्वतःलाच एक ठेवणीतली शिवी हासडून हसला.
आरसा लावला, काढला, परत लावला.
"पण कुठलीच होडी दोन्हीकडून सारखी नसते, नायारेत.
एका बाजूचं लाकूड डोंगराच्या सावलीत वाढलेलं असतं."
आणि आरसा कायमचा काढून
डावी बाजू केसभर बाहेर ओढली, हाताने.
मग म्हणाला, लाव तुझा तो गुळगुळीत माणूस.

अकराव्या भागात होडीच्या फासळ्या होत्या.
एक करा, बाकीच्यांची आपोआप रांग लागेल,
आता फक्त इथे क्लिक करा.
तिथे काहीच नव्हतं.
मी शिकले तेव्हा बटण तिथेच होतं.
मधल्या दोन वर्षांत सॉफ्टवेअर घर बदलून गेलेलं
आणि त्या माणसाला कुणी कळवलं नव्हतं.
अठ्ठावीस भाग तोंडपाठ, आणि माझं बोट हवेत.

मामाने बाण खालच्या कोपऱ्यात नेला,
कानशीसारखं दिसणाऱ्या एका चिन्हावर.
"इथे राहतं ते आता," म्हणाला.
"दुसऱ्या रात्रीच भेट झाली आमची.
ती बावन्न पिल्लं ह्याचीच."

जूनमध्ये नकाशा बंदर कार्यालयात गेला.
फाईलचं नाव बदलायचं तेवढं राहिलं.
"बुडाली-४" असंच होतं ते,
आणि तिथल्या कारकुनाने काळजीने फोन केला:
ही होडी नवीनच आहे ना?